वकिलांचा तिसरा हिस्सा: पण कशातला?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही अठरा वर्षे न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या दातांच्या विमा कंपनीच्या संगणकांतून ग्राहकांची नावे, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक चोरीला गेले. त्याबद्दल न्यूअर्कच्या फेडरल कोर्टात कोणीतरी केलेल्या क्लास अ‍ॅक्शन, म्हणजे ग्राहकांच्या सगळ्या गटाच्या वतीने लावलेल्या, दाव्यात तडजोड झाल्याचे कार्ड आम्हाला आता आले आहे. कंपनी ३ कोटी डॉलरपर्यंत रक्कम देणार असून सुमारे ९ लाख ग्राहकांपैकी जे अर्ज करतील त्यांना प्रत्येकी १०० डॉलरपर्यंत मिळतील, असे त्यात लिहिले आहे. वकील मात्र १ कोटी डॉलर फी आणि शिवाय ४ लाख डॉलर खर्च मागणार आहेत. हे वकील मी नेमलेले नाहीत, त्यांना मी कधी भेटलेलेही नाही. माझे यजमान म्हणतात, कार्ड कचऱ्यात टाक. साताऱ्याच्या कोर्टात चाळीस वर्षे वकिली केलेले माझे सासरे सध्या आमच्याकडे आले आहेत. ते म्हणाले, की पक्षकाराच्या पैशांत वाटा मागणाऱ्या वकिलाची आमच्याकडे सनद गेली असती. ही फी योग्य आहे का? हरकत घेतली तर माझ्यावर काही खर्च पडेल का? आणि १०० डॉलरसाठी अर्ज करावा का?

एक वाचक, एडिसन

उत्तर

प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते सर्वांत सोपे आहे: अर्ज अवश्य करा. तुम्ही काहीच केले नाही, तरी तडजोडीला न्यायाधीशांची मंजुरी मिळताच या माहितीचोरीबद्दल कंपनीवर स्वतंत्र दावा करण्याचा तुमचा हक्क संपतो. म्हणजे तुमच्या बाजूने द्यायचे ते तुम्ही देऊन मोकळ्या होता आणि त्याच्या बदल्यात जे मिळायचे तेवढे घ्यायचे राहते. या प्रकारच्या दाव्यात गप्प बसणारा माणूस गटाच्या आत धरला जातो. बाहेर पडायचे असेल तर तसे मुदतीत लिहून कळवावे लागते, आणि ज्याचे वेगळे व मोठे नुकसान झाले आहे, उदाहरणार्थ ज्याच्या नावावर चोरट्यांनी कर्ज काढले, त्याने स्वतःच्या वकिलाला विचारूनच तो मार्ग धरावा. तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही.

आता फीकडे वळते, आणि त्यासाठी तुमच्या सासऱ्यांच्या बोलण्यापासूनच सुरुवात करते, कारण त्यांनी अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार खटल्याच्या निकालावर अवलंबून असणारी फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्याचे कबूल करणे वकिलाला मना आहे. डिसेंबर २०१७ मध्ये बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या प्रकरणात, अपघाताच्या नुकसानभरपाईवर टक्केवारीने फी मागणाऱ्या वकिलाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा मांडली. त्यामागचा विचार असा, की वकील हा न्यायालयाप्रतिही बांधील असतो आणि निकालात त्याचा स्वतःचा पैसा गुंतला, तर त्याचा सल्ला निखळ राहत नाही. ही भीती खरी आहे. पुढे मी जे सांगणार आहे त्यात तीच निराळ्या रूपाने दिसेल. मात्र या नियमाची दुसरी बाजूही त्यांनी पाहिली असेल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १, नियम ८ खाली अनेकांच्या वतीने दावा लावायचा, तर सर्व संबंधितांना नोटीस देण्याचा खर्च दावा लावणाऱ्यानेच सोसायचा असतो. बिल्डरने ज्यांना फसवले अशा सोसायटीत दोघे-तिघे पुढे होतात, घरोघर वर्गणी मागतात, बरेच जण हात आखडता घेतात, आणि दावा जिंकला तर त्याचा फायदा वर्गणी न देणाऱ्यांनाही मिळतो. तिथे निदान प्रत्येकाचे लाखो रुपये अडकलेले असतात. जिथे माणशी नुकसान शे-दोनशे रुपयांचे असते, तिथे कोणी पुढेच होत नाही आणि फसवणारा निर्धास्त राहतो.

अमेरिकेतही मूळ नियम असा आहे, की खटला कोणीही जिंको, ज्याने त्याने आपापल्या वकिलाची फी भरावी. त्याला एक अपवाद एकोणिसाव्या शतकात तयार झाला. फ्लोरिडातील रेल्वेच्या एका रोखेधारकाने, सर्व रोखेधारकांचे पैसे ज्याच्या आधारावर सुरक्षित होते तो निधी विश्वस्तांच्या उधळपट्टीतून वाचवण्यासाठी, स्वतःच्या खिशातून खर्च करत वर्षानुवर्षे खटला चालवला. निधी वाचला, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ज्या सामाईक निधीचा लाभ सगळ्यांना होणार आहे त्या निधीतूनच त्याच्या वकिलांचा खर्च भागला पाहिजे, नाहीतर एकाच्या कष्टावर बाकीचे फुकट श्रीमंत होतील. आज तुमच्या कार्डावर दिसणारा १ कोटीचा आकडा थेट त्या तत्त्वातून आलेला आहे. (त्याच निकालात त्या रोखेधारकाने स्वतःच्या वेळेबद्दल मागितलेला मोबदला मात्र नाकारला गेला होता. त्याचा आधार घेऊन अटलांटाच्या फेडरल अपील न्यायालयाने २०२० साली, ज्यांच्या नावाने दावा लावला जातो त्यांना वेगळे मानधन देण्यास मनाई केली. न्यू जर्सीत अशी मनाई नाही, त्यामुळे तुमच्या सविस्तर नोटिशीत चार-पाच नावांपुढे काही हजार डॉलर दिसले तर दचकू नका.)

तुम्ही लिहिता, की हे वकील मी नेमलेले नाहीत. खरे आहे, पण तुमच्यापुढे दुसरा पर्याय कोणता होता तेही पाहा. तासाला ४०० डॉलर घेणारा वकील १०० डॉलरच्या नुकसानीसाठी तुम्हाला पंधरा मिनिटेच परवडला असता. ज्यांनी हा दावा चालवला त्यांनी तुमच्याकडून एक पैसाही न घेता तज्ज्ञांचे शुल्क आणि आपल्या माणसांचे पगार स्वतः भरले, आणि दावा फेटाळला गेला असता तर हे सारे त्यांच्याच अंगावर पडले असते. माहितीचोरीच्या खटल्यांत हा धोका मोठा असतो. २०२१ साली ट्रान्सयुनियन या कंपनीच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भविष्यात नुकसान होण्याची केवळ शक्यता आहे एवढ्यावरून फेडरल कोर्टात नुकसानभरपाई मागता येणार नाही. ज्याचा क्रमांक चोरीला गेला पण अजून कोणी वापरलेला नाही, अशा लाखो लोकांचे दावे या निकालाने अवघड झाले. म्हणून वकिलाने निकालात वाटा मागणे ही गोष्ट मला इथल्या व्यवस्थेत लुबाडणूक वाटत नाही. तो वाटा नसता, तर तुमच्या हातात कार्डच आले नसते.

वाटा किती असावा, हा पुढचा प्रश्न. न्यू जर्सी फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाच्या कक्षेत येते, आणि या विषयाचा बराचसा विचार त्याच न्यायालयाने केलेला आहे. १९७३ साली त्याने तासांच्या हिशेबाची पद्धत घालून दिली: वकिलाने खरोखर घातलेले तास गुणिले वाजवी दर, आणि जोखमीनुसार त्यात वाढ. काही वर्षांतच तिचा दोष उघड झाला, कारण तासांवर पैसे मिळतात म्हटल्यावर खटले लांबू लागले आणि न्यायाधीशांचा वेळ वकिलांच्या बिलांतल्या ओळी तपासण्यात जाऊ लागला. १९८५ साली त्याच न्यायालयाने नेमलेल्या अभ्यासगटाने सामाईक निधीच्या प्रकरणांत टक्केवारीकडे परत जाण्याची शिफारस केली. टक्केवारीचा दोष उलटा आहे: वकिलाला लवकर तडजोड करून मोकळे होण्याचा मोह पडतो. म्हणून आज बहुतेक न्यायाधीश टक्केवारीने फी ठरवतात आणि नंतर ती तासांच्या हिशेबाशी ताडून पाहतात. कॅलिफोर्नियासह पश्चिमेच्या राज्यांत २५ टक्के हा सुरुवातीचा मापदंड धरतात. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे प्राध्यापक ब्रायन फिट्झपॅट्रिक यांनी २००६ आणि २००७ या दोन वर्षांतील ६८८ फेडरल तडजोडी तपासल्या, तेव्हा एकूण सुमारे ३३ अब्ज डॉलरपैकी वकिलांकडे १५ टक्क्यांच्या आसपास रक्कम गेल्याचे दिसले, कारण मोठ्या रकमांवर टक्का कमी लागतो. इक्विफॅक्सच्या २०१७ सालच्या माहितीचोरीत सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. त्या तडजोडीत वकिलांना ७ कोटी ७५ लाख डॉलर, म्हणजे निधीच्या सुमारे २० टक्के, मंजूर झाले. टी-मोबाइलच्या ३५ कोटी डॉलरच्या तडजोडीत खालच्या कोर्टाने साडेबावीस टक्के फी दिली, पण ती वकिलांच्या तासांच्या हिशेबाच्या साडेनऊ पटींहूनही अधिक भरत होती. प्रकरण लवकर मिटले होते आणि काम त्या मानाने थोडे झाले होते. २०२४ साली, गटातल्याच हरकतदारांच्या अपिलावर, वरच्या न्यायालयाने ती फी अवाजवी ठरवून रद्द केली. या पार्श्वभूमीवर तुमच्या प्रकरणातला एक तृतीयांश वाटा वरच्या टोकाचा आहे, तथापि ३ कोटींच्या निधीत तो अनाकलनीय म्हणता येणार नाही.

मला अस्वस्थ करतो तो तुमच्या कार्डावरचा एक छोटा शब्द: "पर्यंत". कंपनी ३ कोटी डॉलरपर्यंत देणार, आणि माणशी १०० डॉलरपर्यंत देणार. एक तृतीयांश हे प्रमाण ३ कोटींशी मोजलेले आहे. ते ३ कोटी कंपनीच्या तिजोरीतून खरोखर बाहेर पडणार आहेत का, हे कार्डावर कुठेच सांगितलेले नाही.

हिशेब मांडून दाखवते. ३ कोटींतून १ कोटी फी आणि ४ लाख खर्च वजा करा. कार्डे पाठवणे, अर्ज तपासणे, धनादेश काढणे यासाठी नेमलेल्या कंपनीचे समजा १६ लाख जातील. हा आकडा माझा अंदाज आहे, खरा तुम्हाला सविस्तर नोटिशीत मिळेल. उरले १ कोटी ८० लाख. आता अर्ज किती येतील? फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अर्ज करणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ९ टक्के आढळले आणि प्रकरणांचा आकार लक्षात घेऊन काढलेली सरासरी अवघी ४ टक्के. मी स्वतः काही वर्षे अशा तडजोडींचे अर्ज तपासणाऱ्या एका कार्यालयात काम केले आहे, त्यामुळे हे आकडे मला कधी आश्चर्यकारक वाटले नाहीत. जुन्या पत्त्यांवरून परत आलेल्या कार्डांचे गठ्ठे दर आठवड्याला आमच्यापुढे यायचे. जी कार्डे घरी पोहोचत, त्यांतली बहुतेक जाहिरातीच्या कागदांबरोबर फेकली जात, आणि तुमच्या यजमानांसारखाच विचार करणारी समंजस, शिकलेली माणसे त्यांत असत. समजा तुमच्या प्रकरणात ५ टक्के लोकांनी अर्ज केला. म्हणजे ४५,००० अर्ज, आणि प्रत्येकी १०० डॉलर धरले तर ४५ लाख डॉलर. १ कोटी ८० लाखांतून ४५ लाख गेले, तर १ कोटी ३५ लाख शिल्लक राहतात. सारा प्रश्न या १ कोटी ३५ लाखांचा आहे.

ही शिल्लक तीन ठिकाणी जाऊ शकते. ती पुन्हा अर्जदारांतच वाटली गेली, तर तुम्हा प्रत्येकाला १०० ऐवजी सुमारे ४०० डॉलर मिळतील आणि वकिलांनी मागितलेला तिसरा हिस्सा खरोखरच तिसरा हिस्सा ठरेल. ती एखाद्या धर्मादाय संस्थेला दिली गेली, तर कंपनीला भुर्दंड पडतो खरा, पण ज्यांचे नुकसान झाले त्यांना काही मिळत नाही. आणि ती कंपनीकडे परत गेली, तर ३ कोटी हा आकडा केवळ कागदावरचा होता असे म्हणावे लागेल. त्या स्थितीत गटाला ४५ लाख आणि वकिलांना १ कोटी मिळतात, म्हणजे दोघांच्या एकत्रित रकमेतला ६९ टक्के वाटा वकिलांचा होतो.

शेवटची स्थिती मी केवळ कल्पनेने रंगवलेली नाही. शिकागोच्या अपील न्यायालयापुढे २०१४ साली सांधेदुखीच्या ग्लुकोसामाइन गोळ्यांच्या जाहिरातींबद्दलचे प्रकरण आले. खालच्या कोर्टाने तडजोडीची किंमत २ कोटी डॉलरहून अधिक धरली होती. प्रत्यक्षात सुमारे ३०,००० ग्राहकांनीच अर्ज केले, त्यांना सगळ्यांना मिळून ८ लाख ६५ हजार डॉलर मिळायचे होते, आणि वकिलांना १९ लाख ३० हजार. वर काढलेला ६९ टक्क्यांचा आकडा तिथेही जसाच्या तसा येतो. न्यायमूर्ती रिचर्ड पोझ्नर यांनी तडजोड रद्द केली आणि सांगितले, की फीची तुलना गटाच्या हातात खरोखर पडणाऱ्या रकमेशी करावी. अर्जच न करणाऱ्या लाखो लोकांना मिळू शकले असते अशा काल्पनिक रकमेशी करू नये. २०१३ साली तुमच्या फिलाडेल्फियाच्या न्यायालयानेही लहान बाळांच्या वस्तूंच्या किमतींबद्दलच्या प्रकरणात असाच विचार मांडला. तिथे ३ कोटी ५५ लाख डॉलरच्या निधीतून ग्राहकांना जेमतेम ३० लाख मिळणार होते, वकिलांच्या फी व खर्चापोटी सुमारे १ कोटी ४० लाख जाणार होते आणि उरलेले धर्मादाय संस्थांना. न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली आणि गटाला थेट किती लाभ झाला हे फी ठरवताना पाहिले पाहिजे असे बजावले. तुमचे न्यूअर्कचे न्यायाधीश या निकालाने बांधलेले आहेत, म्हणून हरकत लिहाल तेव्हा त्याचा उल्लेख जरूर करा: बेबी प्रॉडक्ट्स, २०१३, थर्ड सर्किट (हे फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाचेच नाव).

तडजोडीचा मूळ करार उघडून आणखी दोन कलमे शोधा. तो या तडजोडीच्या संकेतस्थळावर असतो आणि पत्ता तुमच्या कार्डावर छापलेला असेल. एका कलमात कंपनी असे वचन देते, की वकील अमुक रकमेपर्यंत फी मागतील तर आम्ही विरोध करणार नाही. दुसऱ्यात असे लिहिलेले असते, की न्यायाधीशांनी फी कमी केलीच, तर वाचलेली रक्कम कंपनीकडे परत जाईल. ही दोन कलमे एकत्र आली, की न्यायाधीशांना फी कापून ग्राहकांचे काही भले करता येत नाही, आणि कापण्याचा आग्रह धरणाराही कोणी उरत नाही. वेसन या खाद्यतेलावरच्या "शंभर टक्के नैसर्गिक" या शब्दांबद्दलच्या प्रकरणात ही दोन्ही कलमे होती. ग्राहकांना १० लाख डॉलरपेक्षा कमी आणि वकिलांना जवळजवळ ७० लाख, असा तो बेत २०२१ साली कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येते त्या अपील न्यायालयाने मोडून काढला.

तुमच्या सासऱ्यांची भीती इथे नेमकी खरी ठरते. तडजोडीवर सह्या होईपर्यंत दोन्ही बाजूंचे वकील एकमेकांशी भांडत असतात. सह्या झाल्यावर दोघांनाही एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे न्यायाधीशांची मंजुरी. कंपनीला एकूण खर्च किती होतो एवढेच पाहायचे असते. त्यातला किती पैसा ग्राहकांना जातो आणि किती वकिलांना, याचे तिला सोयरसुतक नसते. तुमचे हित पाहण्याचे काम उरते न्यायाधीशांवर, आणि त्यांच्यापुढे त्या दिवशी एकही विरोधी आवाज नसतो. म्हणूनच अशा दाव्यांसाठीच्या फेडरल दिवाणी नियम २३ मध्ये गटातल्या कोणत्याही सामान्य माणसाला हरकत घेण्याचा हक्क ठेवलेला आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. २०१७ साली सबवेच्या फूटभर लांबीच्या सँडविचच्या प्रकरणात ग्राहकांना रोख काहीच मिळणार नव्हते, कंपनी पाव मोजून पाहण्याचे आश्वासन देणार होती आणि वकिलांना ५ लाख २० हजार डॉलर मिळणार होते. ते सगळे रद्द झाले, ते गटातल्या एका हरकतदारामुळे. काही हरकतदार स्वतःही शुद्ध हेतूचे नसत. अपील दाखल करायचे आणि पैसे घेऊन मागे घ्यायचे, असा धंदाच काहींनी चालवला होता. २०१८ साली नियम बदलला, आणि हरकत किंवा अपील सोडून देण्याबद्दल न्यायालयाच्या मंजुरीशिवाय पैसे घेणे आता बंद झाले आहे.

तुमच्या खर्चाबद्दल: हरकत दाखल करायला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. एक-दोन पानांचे साधे पत्र चालते, पण मोघम चालत नाही. कशाला आणि का हरकत आहे ते नेमके लिहावे लागते, आणि ती हरकत फक्त स्वतःपुरती आहे की सगळ्या गटासाठी, तेही सांगावे लागते. तुमचे नाव, पत्ता, खटल्याचा क्रमांक, तुम्ही गटात कशा मोडता, आणि सुनावणीला येणार की नाही, हे घाला आणि स्वतः सही करा. सुनावणीला गेलेच पाहिजे असे नाही. काही वकील हरकतदारांची जबानी घेण्याची नोटीस पाठवतात. तशी आल्यास घाबरू नका, पण तेव्हा मात्र एखाद्या वकिलाला जरूर विचारा. आणि एक लक्षात ठेवा: जो गटातून बाहेर पडतो त्याला हरकत घेता येत नाही, मात्र हरकत घेणाऱ्याला पैशांसाठी अर्ज करता येतो.

फीचे बिल उलट तुमच्याच गळ्यात पडेल का, ही शंकाही तुमच्या प्रश्नात दडलेली दिसते. एकदा असे घडले होते. बँक ऑफ बॉस्टनच्या गृहकर्जदारांच्या दाव्यात अलाबामाच्या कोर्टाने १९९४ साली तडजोड मंजूर केली, तेव्हा वकिलांची फी कर्जदारांच्या कर आणि विम्यासाठी ठेवलेल्या खात्यांतून वळती झाली. मेन राज्यातील एका कर्जदाराच्या खात्यात २ डॉलर १९ सेंट जमा झाले आणि ९१ डॉलर ३३ सेंट कापले गेले. २००५ च्या क्लास अ‍ॅक्शन फेअरनेस अ‍ॅक्टमध्ये अशा उलट्या तोट्याविरुद्ध तरतूद घातली गेली. तुमच्या प्रकरणात फी कंपनीने द्यायच्या रकमेतून जाणार आहे, त्यामुळे तुम्हाला कोणी बिल पाठवणार नाही.

तेव्हा पुढच्या आठवड्यात एवढे करा. संकेतस्थळावरून तडजोडीचा करार आणि वकिलांचा फीचा अर्ज उतरवून घ्या. हरकतीची मुदत संपण्याआधी फीचा अर्ज तिथे असायला हवा. नसेल, तर तोच हरकतीचा पहिला मुद्दा होतो. फीच्या अर्जात तासांचा तक्ता पाहा आणि मागितलेली रक्कम त्याच्या किती पट आहे ते काढा. दुपटी-तिपटीपर्यंत असेल तर त्यावर मी शाई खर्च करणार नाही. करारात शिल्लक रक्कम अर्जदारांतच पुन्हा वाटायची असे स्पष्ट लिहिले असेल, तर माझ्या मते हरकत घेण्याचे कारण उरत नाही. फक्त अर्ज करा, आणि ओळखीच्या ज्यांना ज्यांना कार्ड आले असेल त्यांनाही करायला लावा. शिल्लक कंपनीकडे परत जाणार असेल, तर जरूर लिहा, आणि त्यात एकच मागणी ठेवा: फी मंजूर करण्यापूर्वी अर्जांची खरी संख्या आणि प्रत्यक्ष वाटली जाणारी रक्कम न्यायालयापुढे यावी, आणि टक्केवारी त्या रकमेवर ठरावी. न्यायाधीशांना मान्य करायला सोपी आणि वकिलांना नाकारायला अवघड अशी ही मागणी आहे.

करार इंग्रजीत साठ-सत्तर पानांचा असेल. तो छापून सासऱ्यांच्या हाती द्या. चाळीस वर्षे ज्यांनी खरेदीखतांतल्या आणि कबुलायतींतल्या अटी वाचल्या, ते "पर्यंत" आणि "परत" हे दोन शब्द कुठे बसले आहेत ते एका दुपारी शोधून काढतील. हरकतीचा मसुदाही त्यांनाच करू द्या, सही तेवढी तुमची. पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवून पावती जपून ठेवा, आणि १०० डॉलरचा अर्ज त्याच दिवशी वेगळा भरा, कारण दोन्हींच्या मुदती बहुधा निरनिराळ्या असतात आणि हरकतीची आधी संपते.